सोळा तोळ्यांच्या दोन विटा

माझं माहेर सोलापूर जिल्ह्यातलं, म्हणजे इंग्रजी अमलातलं. सासर नळदुर्गचं, निजामाच्या राज्यातलं. मोटारीनं दोन तासांची वाट, पण नाका ओलांडला की रुपया बदलायचा. माहेरी इंग्रजांचा कलदार, सासरी निजामाचा हाली. लग्नात वडलांनी माझ्या अंगावर सोळा तोळे सोनं घातलं होतं. सोन्याला नाक्याच्या अलीकडे-पलीकडे सारखीच किंमत, असं ते म्हणाले होते. पाटल्या, बोरमाळ, ठुशी, कानातली कुडी. पाटल्या चांगल्या जाड होत्या. भाकरी थापताना त्या परातीला लागून वाजायच्या, आणि मला चौदाव्या वर्षी तो आवाज फार आवडायचा.

सासरी आम्ही तिघंच. नवऱ्याला मी कायम मालकच म्हणत आले, तर मालक, त्यांची धाकटी बहीण आणि मी. सासरे लग्नाआधीच गेलेले, सासूबाई लग्नानंतर वर्षाच्या आत गेल्या. नणंद माझ्याहून तीन वर्षांनी लहान. घरात कानडी आणि मराठी दोन्ही चालायचं. ती भांडायची कानडीत आणि समजूत काढायला यायची मराठीत. सासूबाई गेल्यावर तिची वेणी मी घालायची आणि माझी तिनं. बहीण नव्हती मला. तिलाही नव्हती.

मालकांची शेंगा-करडईची आडत होती. शिक्षण उर्दू शाळेत, हिशेब मोडी लिपीत. छापलेलं मराठी वाचायला त्यांना वेळ लागायचा. मी माहेरी चार इयत्ता शिकले होते. सोलापूरचं वर्तमानपत्र मोटारीचा ड्रायव्हर एक दिवस शिळं आणून द्यायचा, आणि संध्याकाळी दुकान बंद झालं की ते मी वाचून दाखवायचं असं ठरून गेलं. जर्मनीबरोबरची लढाई सुरू झाली होती. मी लढाईचं वाचायला लागले की मालक म्हणायचे, ते राहू दे, शेवटच्या पानावरचे भाव वाच.

लढाई वाढली तसे हाताला लागणारे रुपये बदलले. जुने, चांदीचे रुपये लोकांनी उतरंडीत लपवले. नवे आले त्यात चांदी कमी. मालक दगडावर रुपया टाकून आवाज ऐकायचे आणि मान हलवायचे. आणि नोटा तर फारच झाल्या. शेतकरी नोट उलटीपालटी करून बघायचा, चुरगाळायचा, पुन्हा सरळ करायचा. मालकांच्या मनात त्या वेळी एक गोष्ट बसली ती बसलीच. सरकार रुपयातली चांदी काढून घेतंय म्हणजे सरकारला चांदी लागतीय, आणि सरकारला जे लागतं त्याला भाव येणार.

एका दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी माझ्याकडे विषय काढला. नणंदेला पंधरावं लागलं होतं. तिचं लग्न करायचं तर सोनं घालावं लागणार, आणि आडतीतला पैसा मालात अडकलेला. माझे दागिने मोडून आत्ता चांदी घेतली तर वर्षा-दीड वर्षात ती दुप्पट होईल, असं त्यांनी मला समजावलं. मग ती विकून बहिणीला सोनं घेऊ आणि तुझं तुला परत घडवू. एका अंगावरचं सोनं दोघींना पुरेल.

"बळजबरी न्हाय," ते म्हणाले. "तू व्हय म्हणलीस तरच."

त्यांनी जबरदस्ती केली असती तर आज मला वेगळं लिहिता आलं असतं. पण त्यांनी विचारलं, आणि मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर रोज भाव वाचून वाचून मलाही तो नाद लागला होता. काल काय होतं, आज काय आहे, हे मला मालकांच्या आधी कळायचं. आडतीवरच्या माणसांना नसलेली अक्कल आपल्याला आहे असं मला वाटायला लागलं होतं.

सोलापूरला सराफाकडे आम्ही दोघं गेलो. पाटल्या हातातनं निघेनात, तेव्हा सराफाच्या माणसानं साबणाचं पाणी आणून दिलं. दागिने वजन करून त्यांनी माझ्यासमोरच आटवले. सगळं मिळून एवढासा गोळा झाला, मुठीत मावेल असा. आणि त्याच्या बदल्यात दोन चांदीच्या विटा समोर ठेवल्या, सहा-साडेसहा शेराची एकेक. सराफानं एकीचा कोपरा छिन्नीनं उडवून दाखवला. आतूनही तशीच पांढरी. चोख माल होता. त्यात काहीही खोट नव्हती, हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे ऐकणारा प्रत्येक जण मला पहिल्यांदा तेच विचारतो.

येताना मोटारीत शेंगांच्या पिशवीत विटा पायाशी होत्या. नाक्यावर विचारपूस झाली, मालकांनी सराफाची पावती दाखवली, आणि आम्ही घरी आलो. ज्वारीच्या कणगीत तळाशी त्या ठेवल्या. माझे हात हलके झाले होते. मी सवयीनं मनगट चाचपायची आणि तिथं काचेच्या बांगड्याच लागायच्या.

ते वर्षभर संध्याकाळी आम्ही तिघं भाव वाचायला बसायचो. नणंद धान्य निवडता निवडता विचारायची, "आज वर का खाली, वैनी?" वर म्हटलं की ती हसायची. एकदा कणगी रिकामी केली तेव्हा विटा पुसून ठेवायला आम्ही दोघींनी बाहेर काढल्या. त्या काळवंडल्या होत्या. तिनं राखेनं घासून एक कोपरा उजळला आणि विचारलं, ह्यातलं माझं कुठवर? मी बोटानं मधोमध रेघ काढून दाखवली. ती म्हणाली, तिला रेघ थोडी अलीकडं चालेल, पाटल्या जाड लागतात तुम्हाला.

त्या पौषात, अणदूरचा खंडोबा दरवर्षीसारखा दोन महिने नळदुर्गात मुक्कामाला होता तेव्हा, अणदूरचं स्थळ आलं. एकुलता एक मुलगा, घरची शेती, सातवीपर्यंत शिकलेला. यात्रेला आले होते, तिथूनच आमच्या घरी पाहायला आले. मुलगा बोलला काही नाही. जाताना पाण्याचा तांब्या त्यानं स्वतः उचलून आत आणून ठेवला, तेवढं मात्र आम्ही दोघींनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी नणंदेनं मला सहज म्हणून विचारलं, अणदूरला चालत जायला किती वेळ लागतो? मी सांगितलं, सकाळी निघालीस तर जेवायला इथं येशील. ती दिवसभर गुणगुणत होती. दहा तोळे सोनं घालायचं ठरलं, फाल्गुनातला मुहूर्त धरला.

आणि चांदी चढली. रोज चढत होती. मालक म्हणाले होते तसंच सगळं झालं. फक्त एक गोष्ट आम्ही धरलीच नव्हती, ती ही की सोनंही चढेल. मी पाटीवर आकडे मांडले. विटा विकल्या तर नणंदेचे दहा तोळे होत होते, लग्नाचा खर्च निघत होता, आणि माझ्या वाट्याला एखादी पातळ पाटली. तीही एकच.

फाल्गुनाला महिना राहिला तेव्हा मालक कपडे करून माझ्यापुढं येऊन उभे राहिले. मोटार सुटायला वेळ होता.

"मोडू का?" त्यांनी विचारलं.

मी परातीत पीठ मळत होते. माझ्या हातांकडे बघितलं आणि म्हटलं, "पंधरा दिवस थांबा. चढतंय अजून."

मालक थांबले. भावाच्या बाबतीत ते माझं ऐकायचे. मीच तर वाचून दाखवत होते.

आठव्या दिवशी भाव पडला. मला वाटलं छापण्यात चूक असेल, म्हणून मी तो मोठ्यानं वाचलाच नाही, कालचाच आकडा सांगितला. दुसऱ्या दिवशी आणखी खाली. तेव्हा मात्र सांगावं लागलं. सोनंही उतरलं, पण चांदीइतकं नाही. आता विटा विकल्या तर नणंदेचेच दहा तोळे पुरे होत नव्हते. मालक म्हणाले, उन्हाळ्यापर्यंत वर येईल. अणदूरला निरोप गेला की मुहूर्त वैशाखात धरू. वैशाखात निरोप गेला की दिवाळीनंतर धरू. भाव मधेच थोडा वर यायचा, मालक विटा काढून पिशवीत घालायचे, आणि त्याच मोटारीनं आलेल्या वर्तमानपत्रात तो पुन्हा उतरलेला असायचा. पडत्या भावात विकायचं त्यांच्या जिवावर यायचं. मला विचारायचं त्यांनी सोडलं होतं. मीही बोलायचं सोडलं होतं.

दिवाळीनंतर मुलाचे वडील स्वतः आले. थकलेला शेतकरी माणूस, पायीच आला होता. ओट्यावर बसून त्यांनी पाणी घेतलं, गूळ घेतला. मी दाराशी होते. त्यांची आई फार म्हातारी झाली होती, आणि डोळ्यांदेखत नातसून यावी एवढंच तिचं म्हणणं होतं.

"पावणं, आमाला सोनं नगं," ते म्हणाले. "दोन मणी घाला न्हायतर घालू नगा. पोरगी द्या."

मालकांनी मान खाली घातली. ते वाईट माणूस नव्हते. पण बाजारात त्यांची आडत होती, जातीत नाव होतं, आणि वडील नसलेल्या बहिणीला भावानं उघड्या गळ्यानं लावून दिली असं कुणी म्हटलेलं त्यांना सोसणार नव्हतं. ठरलं ते मी घालीन, असं त्यांनी सांगितलं, थोडी मुदत द्या. पाहुण्यांनी उठून टोपी घातली आणि आले तसे पायी गेले.

त्या वेळी मी बोलू शकत होते. दोन पावलं पुढं होऊन, द्या तिला, एवढंच म्हणायचं होतं. बाईमाणसानं बोलू नये असा तो काळ, असं मी पुढे पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. पण पंधरा दिवस थांबा म्हणताना मला तो काळ आडवा आला नव्हता.

माघात त्या मुलाचं लग्न झालं. मुलगी अक्कलकोटकडची होती.

पुढच्या वर्षी देव नळदुर्गात आला तेव्हा पालखीबरोबर अणदूरची माणसं आली, त्यात तोही होता. त्याच्या मागं त्याची बायको, हिरवं लुगडं नेसलेली. नणंदेनं माझ्याबरोबर उभं राहून पालखीवर भंडारा टाकला आणि घरी आल्यावर भांडी घासायला बसली. गुणगुणणं तिनं कधी बंद केलं ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

नंतर स्थळं आली, पण ती विटांना आली. गावात कुणकुण लागलीच होती. बोलणं सुरू झालं की पाहुण्यातला एखादा हळूच विचारायचा, अखंड हायत का मोडल्या? मुलीचं वय विचारायचे ते त्याच्यानंतर. मालक त्यांना उठून जायला सांगायचे. असं करता करता ती विशीच्या पुढं गेली, आणि मला मधल्या काळात एक मुलगा झाला. तो तिच्याच कडेवर असायचा.

मग ते वाईट वर्ष आलं. इंग्रज गेले होते, पण आमच्याकडे निजाम होता आणि रझाकारांची दहशत वाढत होती. तरण्याताठ्या मुलींना लोक नाक्यापलीकडे, सोलापूरकडे पोचवत होते; ज्यांना ते जमत नव्हतं ते सापडेल त्याच्याशी लग्न लावून देत होते. वर्तमानपत्र येणं बंद झालं होतं. बिनलग्नाची बहीण माझ्या माहेरी नेऊन ठेवणं मालकांना कमीपणाचं वाटत होतं. अशात कळंबच्या एका धान्याच्या व्यापाऱ्याकडून विचारणा आली. पन्नाशीचा बिजवर, पहिल्या बायकोचे दोन मुलगे लग्न झालेले. त्याचा निरोप स्पष्ट होता. सोनं घडवायच्या भानगडीत पडू नका, विटा आहेत तशा द्या. व्यापाराला भांडवल पाहिजे होतं त्याला.

मालक दोन दिवस जेवले नाहीत. मग हो म्हणाले. नणंदेला कुणी विचारलं नाही. तिनं स्वतःहून माझ्यापाशी येऊन एवढंच म्हटलं, कळंब लांब आहे.

आठ दिवसांत लग्न झालं. वाजंत्री नाही, मांडव नाही, आम्हा लिंगायतांचं लग्न लावणाऱ्या जंगमानं आणि चार माणसांनी अक्षता टाकल्या. कणगीतल्या विटा मी माझ्या हातानं काढल्या. तिनं राखेनं उजळलेला कोपरा पुन्हा काळा पडला होता. दोन्ही विटा तिच्या लुगड्यांच्या घडीत गुंडाळून पेटीत ठेवल्या. पेटी उचलायला दोन माणसं लागली. तिच्या गळ्यात काळे मणी आणि अर्ध्या तोळ्याचं डोरलं होतं.

वैशाखात आम्ही मुलाला घेऊन माझ्या माहेरी गेलो आणि तिथंच राहिलो. भादव्यात हिंदुस्थानची फौज नळदुर्गावरूनच निजामाच्या राज्यात गेली. दसऱ्याला आम्ही परत आलो तर आडतीत पोतं राहिलं नव्हतं. तराजूचं पारडंसुद्धा कुणी नेलं होतं. मालकांनी रिकाम्या दुकानात झाडू मारला आणि गादी अंथरली. ते गादीवर बसलेले पाहून मला वाटलं, हा माणूस आता उठायचा नाही. आणि पुढे आडत पुन्हा चालू झाली तरी तसंच झालं. ते बसले ते बसलेच.

कळंबहून बातमी आली ती संक्रांत झाल्यावर. तिचा नवरा दोन दिवसांच्या तापानं गेला होता. महिनाभरानं सावत्र मुलांनी तिला मोटारीत बसवून दिलं. ती उतरली तेव्हा तिच्याबरोबर एक गाठोडं होतं. पेटी नव्हती.

मालक कळंबला गेले. तिसऱ्या दिवशी आले. मी विचारलं नाही, त्यांनी हात धुता धुता सांगितलं. थोरल्या मुलानं चहा दिला, मामा मामा म्हणत नीट बोलला. वडलांनी चांदी विकून माल भरला होता, तो धामधुमीत गेला, आता आमच्याकडंच काही नाही, असं म्हणाला. खरं असेल किंवा नसेल. दुकानात ज्वारीची थप्पी लागलेली मालकांनी पाहिली होती. पण ती कोणत्या पैशाची, हे कसं सांगणार?

आमच्यात विधवेचं दुसरं लग्न लागतं. एक-दोघांनी विषय काढलाही. नणंदेनं नको म्हटलं आणि मालकांनी तो विषय पुन्हा काढू दिला नाही.

वर्षानुवर्षं मनात ठेवलेलं ते मी तिला सांगितलं नाही तर मला झोप लागणार नाही असं मला वाटायला लागलं होतं. त्या उन्हाळ्यात आम्ही दोघी बियाण्याच्या शेंगा फोडत बसलो होतो. मुलगा तिच्या मांडीवर डोकं टेकून झोपला होता. मी म्हटलं, फाल्गुनात तुझं लग्न व्हायचं होतं तेव्हा तुझे भाऊ विटा मोडायला निघाले होते. मी थांबवलं त्यांना.

तिचे हात चालूच होते.

"मला ठाव हाय, वैनी," ती म्हणाली. "मी सोप्यात ज्वारी निवडत बसले हुते. अण्णानं इचारलं ते ऐकलं, तुमी काय म्हणलात तेबी ऐकलं."

मी विचारलं, मग त्याच वेळी तू बोलली का नाहीस. इतक्या वर्षांत एकदाही नाही.

"काय बोलू?" ती म्हणाली. "सोनं तुमचं हुतं."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिनं फोडलेल्या शेंगांची टरफलं बाजूला सारली आणि सूप माझ्याकडे सरकवलं, पाखडायला. मी पाखडायला घेतलं. माफ कर असं म्हणायचं मी ठरवून बसले होते, पण ते कुणाला म्हणायचं हेच मला समजेना. तिनं काही लपवलं नव्हतं, काही धरून ठेवलं नव्हतं. तिला सगळं ठाऊक होतं आणि ठाऊक असूनच ती माझी वेणी घालत आली होती.

त्यानंतर सव्वीस वर्षं ती आमच्याकडे राहिली. मुलाला तिनंच वाढवलं. तो तिला आई म्हणायचा आणि मला वैनी, तिचं ऐकून. मालक आधी गेले, मग तिला पोटाचं दुखणं लागलं. सोलापूरला दवाखान्यात मी तिच्या उशाशी बसून असायचे. दूध देऊ का विचारलं तर नको म्हणायची. उसाचा रस आणू का? नको. अंगावर पांघरूण घालू का? राहू द्या, वैनी. तीन आठवडे मी विचारत होते आणि ती नको म्हणत होती. शेवटी शेवटी मी विचारणं सोडून दिलं आणि नुसती बसून राहायचे.